छोटी एसयूव्ही घेताना: आधी पार्किंग मोजा

शोरूमच्या पायऱ्या चढण्याआधी मोजपट्टी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. आपली जागा किती रुंद आहे, दोन खांबांच्या मध्ये दार कितपत उघडतं, आणि यांत्रिक पार्किंग असेल तर दोन कप्प्यांमधली उंची किती, हे लिहून घ्या. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींमधली एकावर एक गाडी चढवणारी पार्किंग बहुतेक सेडान आणि हॅचबॅक डोळ्यांपुढे ठेवून बसवलेली आहेत. सेडानची उंची साधारण दीड मीटर. मारुतीची ब्रेझा १,६८५ मिलिमीटर उंच आहे, टाटाची नेक्सॉन १,६२०. एवढ्या फरकापायी नवी कोरी गाडी कायमची रस्त्यावर उभी राहू शकते. कप्प्याच्या पाटीवर वजनाची मर्यादाही लिहिलेली असते, ती वाचा. लांबीची चिंता मात्र नको, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास आणून थांबवलेल्या असतात.

हे थांबवणं कराच्या हिशोबाने झालं आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असल्यास १,२०० आणि डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तेव्हापासून आपल्याकडच्या छोट्या गाडीची मागची बाजू डिझायनरपेक्षा अर्थखात्यानेच जास्त घडवली आहे. पुढे जीएसटी आला तरी रेघ तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के, बाहेरच्या गाडीवर ४० टक्के आणि विजेवरच्या गाडीवर ५ टक्के कर आहे. त्याआधी आतल्या पेट्रोल गाडीवर अधिभार धरून २९ आणि डिझेलवर ३१ टक्के जात होते. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्यामुळे ती ४० टक्क्यांच्या गटात राहते. म्हणून तिचा भाव शेजारच्या गाड्यांइतका उतरला नाही.

हा इतिहास सांगण्याचं कारण जुन्या बाजारात आहे. करकपातीने नेक्सॉनच्या काही मॉडेलांची किंमत दीड लाखाच्या वर खाली आली. त्याआधी गाडी घेतलेल्या विक्रेत्याच्या मनात त्याने स्वतः मोजलेली रक्कम असते, आणि तो तिथून उतरत येतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या किमतीतून वजाबाकी करायची. तीन वर्षांची जुनी गाडी आणि त्याच मॉडेलची नवी मधली श्रेणी यांत दोन-अडीच लाखांचाच फरक उरत असेल, तर जुनी घेण्यात अर्थ नाही.

वर्षाचे तीनशे दिवस

गाडी निवडताना लोक दिवाळीत गावी जाण्याचा विचार करतात. पाच माणसं, फराळाचे डबे, आंबोलीचा किंवा ताम्हिणीचा घाट, आणि कोकणातल्या घरापर्यंतचा शेवटचा कच्चा रस्ता. हे चित्र खरं असलं तरी ते वर्षातल्या आठ-दहा दिवसांचं आहे. उरलेल्यांपैकी तीनशे दिवस गाडी हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत असते. इंधन आणि गिअरबॉक्स या दोन गोष्टी त्या तीनशे दिवसांवरून ठरवा. आसनं आणि डिकी गावच्या प्रवासावरून ठरवली तरी चालेल.

पेट्रोल की डिझेल हे आकडेमोडीने सुटतं. पेट्रोल शंभराच्या थोडं वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरा. शहरात टर्बो पेट्रोल गाडी लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल सोळा देते असं समजा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा फरक सुमारे तीस हजार रुपये पडतो. डिझेल गाडी खरेदीलाच लाख-सव्वा लाखाने महाग असते आणि महाराष्ट्रात तिच्यावर वाहन करही जास्त आहे, तेव्हा तो फरक भरून निघायला चार वर्षांहून अधिक लागतात. त्यात एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला इंजिन गरम होऊन गाडी काही वेळ सलग पळावी लागते. रोज चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जाऊन येणाऱ्याच्या गाडीत ही गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च काळजात धडकी भरवतो. सोलापूर-पुणे किंवा नागपूर-अमरावती असा महिन्याकाठी दीड-दोन हजार किलोमीटरचा महामार्ग ज्याच्या नशिबी आहे, त्याने डिझेल जरूर घ्यावी. वीस मिनिटांच्या शहरी फेऱ्यांसाठी मी ती कुणालाही सुचवणार नाही.

सीएनजी परवडतो, यात वाद नाही. पण डिकी उघडून बघा. एका मोठ्या टाकीची गाडी असेल तर बॅगा पाय ठेवायच्या जागेत येतात. टाटाने आणि ह्युंदाईने दोन छोट्या टाक्या आडव्या खाली बसवून बरीच जागा वाचवली आहे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि जुनी सीएनजी गाडी घेताना तिचं प्रमाणपत्र मागायला हवं. बाहेरून किट बसवलेली असेल तर आरसी बुकात तशी नोंद आहे का, हे आधी पाहा. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. पेट्रोल गाड्यांबाबत एक लक्षात ठेवा: एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशा घडवलेल्या आहेत. त्याआधीच्या बऱ्याचशा दहा टक्क्यांच्या हिशोबाने बनल्या. म्हणून २०१९ ची पेट्रोल गाडी बघताना इंधनाच्या रबरी नळ्या मेकॅनिककडून तपासून घ्या आणि मालक सांगेल त्या ॲव्हरेजमधून थोडं कमी धरा.

विजेवरची गाडी घ्यायची असेल तर पहिला प्रश्न आपल्या पार्किंगमध्ये मीटरपासून वायर येते का हा आहे. येत असेल आणि रोजची धाव ठरलेली असेल तर हिशोब पक्का बसतो. येत नसेल तर तूर्त विसरा.

आता गिअर. स्वयंचलित म्हटलं की सगळे एकच समजतात, पण बोनेटखाली चार वेगळ्या जाती आहेत. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबण्याचं काम यंत्र करतं. स्वस्त, ॲव्हरेज चांगलं, पण गिअर बदलताना मान हलते आणि चढावर गाडी क्षणभर रेंगाळते. दोन क्लचची डीसीटी महामार्गावर मजा आणते. मात्र रांगेत इंच-इंच सरकताना कोरडे क्लच तापतात, आणि घाटात वाहतूक अडली की तापमानाची सूचना पडद्यावर येऊ शकते. सीव्हीटी शहरात मऊ चालते, जोरात पाय दिला की नुसता आवाज चढतो. टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी जात. थोडं पेट्रोल जास्त पिते, पण दहा वर्षांनीही कुरकुर कमी. ब्रेझा, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ आणि स्कोडाची कायलाक यांत पेट्रोलबरोबर ती मिळते. माझ्या मते कुटुंबाच्या गाडीला तीच घ्यावी, नाही तर सरळ हाताचा गिअर. जुन्या बाजारात तर वॉरंटी संपलेली डीसीटी गाडी फार स्वस्त मिळत असली तरी दोनदा विचार करा.

नावात एसयूव्ही असलं तरी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढचीच चाकं ओढतात. शेतातल्या चिखलात अडकल्या तर ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. त्यांचा खरा फायदा वेगळाच आहे, तो म्हणजे आसनाची उंची. गुडघे दुखणाऱ्या आजीला सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि मोठ्या एसयूव्हीत पाय उचलून चढावं लागतं. या गाडीत ती नुसती वळून टेकते. हे सगळ्या मॉडेलांत सारखं जमत नाही, दाराचा उंबरा कुठे उंच असतो, कुठे छत मागे उतरतं आणि डोकं आपटतं. म्हणून फेरी मारायला एकट्याने जाऊ नका. आई-वडील, मुलं, सगळ्यांना न्या. मागे तिघांना बसवा, एसी लावा, जवळच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडा. विक्रेता फार तर चौक फिरवून आणायला बघेल, पण तुम्ही अर्धा तास मागा. घरात लहान मूल असेल तर त्याचं आसन बांधण्याचे आयसोफिक्स हुक हाताने चाचपून बघा, कारण कागदावर ते असतात, पण गादीत इतके खोल गेलेले असतात की आसन बसवताना घाम फुटतो.

डिकीचे लिटरचे आकडे कंपनी कंपनीगणिक वेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात, तरी कायलाकची ४४६ लिटरची डिकी आणि ब्रेझाची ३२८ लिटरची डिकी यांतला फरक डोळ्यांनाही दिसतो. घरची मोठी बॅग सोबत न्या आणि ठेवून बघा. विक्रेता हसला तर हसू द्या.

तारे आणि काचेचं छत

टाटाची नेक्सॉन डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, आणि त्यानंतर शोरूममध्ये ताऱ्यांची भाषा सुरू झाली. महिंद्राच्या एक्सयूव्ही३०० ला २०२० मध्ये पाच मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. जुनी गाडी घेणाऱ्याने इथे वर्ष बघायला हवं. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने निकष कडक केले. त्याआधीचे तारे प्रामुख्याने समोरच्या धडकेवर दिलेले होते, नंतर बाजूची धडक आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा यांनाही वजन आलं. त्यामुळे २०१९ चे पाच तारे आणि २०२५ चे पाच तारे एकाच तराजूत घालता येत नाहीत. शिवाय तारे मॉडेलला मिळतात. तुम्ही बघत असलेल्या जुन्या बेस मॉडेलमध्ये दोनच एअरबॅग असतील, तर जाहिरातीतल्या सहा एअरबॅगांचा तुम्हाला उपयोग नाही.

माझा क्रम असा आहे: ईएससी, सहा एअरबॅग, मागच्या तिन्ही प्रवाशांना तीन बिंदूंचे पट्टे, मग मागचा कॅमेरा, मग मागे एसीची झडप. याच्या पुढे जे काही येईल ते हौसेचं. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सप्टेंबर २०२२ मध्ये झालेल्या अपघातात मृत्यू पावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या आसनावर पट्ट्याविना बसलेले होते. गाडी महागडी आणि मजबूत होती. मागचा पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, तरी आपल्याकडे तो गादीखाली दडपलेला असतो.

काचेच्या छताबद्दल एकच सांगतो. नागपूरच्या मे महिन्यात ते पडदा ओढून बंदच राहतं आणि एसीवरचा ताण वाढवतं. उरलेल्या वेळी मुलं त्यातून डोकं बाहेर काढून उभी राहतात, आणि पुढे ब्रेक दाबावा लागला तर काय होईल याचा विचार कुणी केलेला नसतो. त्याच पैशांत वरची सुरक्षा श्रेणी मिळत असेल तर छत सोडा.

नवी घेताना

जाहिरातीतला भाव एक्स-शोरूम असतो. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी वाहन कर लागतो, डिझेलला हेच दर १३ आणि १४ आहेत. नऊ लाख नव्वद हजारांची गाडी आणि दहा लाख दहा हजारांची गाडी यांच्या ऑन रोड किमतीत वीस हजारांपेक्षा बरंच जास्त अंतर पडतं ते यामुळे. शिवाय दहा लाखांच्या वर गेलं की विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. तो गेला असं समजू नका, आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या खात्यात जमा दिसतो.

विमा विक्रेत्याकडूनच घ्यायचं बंधन नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. दोन कंपन्यांचे भाव हातात ठेवून विक्रेत्यासमोर बसलात की त्याचा भाव आपोआप उतरतो. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "आवश्यक ॲक्सेसरीज" असे शब्द कोटेशनमध्ये आले तर प्रत्येकापुढे हा पैसा कशाचा, असं लेखी विचारा. त्यातले निम्मे तिथेच गळतात.

भाव करायला पितृपक्ष उत्तम. शोरूम ओस असतात, महिन्याचं लक्ष्य डोक्यावर असतं. पंधरवड्यात बुकिंग करून दसऱ्याला गाडी घरी आणली तर मुहूर्तही साधतो. मात्र दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या सकाळी शोरूममध्ये शंभर नारळ फुटत असतात आणि गाडी तपासायला कुणाला वेळ नसतो. तपासणी चार दिवस आधी, नोंदणी होण्यापूर्वी, गोदामात जाऊन करा: रंग, काचा, टायरवरचं उत्पादनवर्ष, मीटरवरचे किलोमीटर. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत विकली तर कागदावर ती एक वर्ष जुनी होते. सवलत तशी घसघशीत असेल आणि तुम्ही आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या. तीन वर्षांत विकायची असेल तर नको.

कर्जाचा हप्ता मोजताना महिन्याच्या आकड्याकडे कमी आणि वर्षांकडे जास्त बघा. आठ लाख रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार होतं. तेच सात वर्षांना हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजार. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर सहसा तीन-चार टक्क्यांनी चढा असतो. पाच लाख १३ टक्क्यांनी चार वर्षांना घेतलेत तर हप्ता १३,४०० च्या वर जातो. म्हणजे आठ लाखांच्या कर्जावर घेतलेल्या नव्या गाडीच्या सात वर्षांच्या हप्त्यापेक्षाही जास्त. जुनी गाडी साठवलेल्या पैशांत घेतली तरच तिचा स्वस्तपणा खिशात राहतो.

जुनी घेताना

माझा कल तीन ते पाच वर्षांच्या, एकाच हाती चाललेल्या, महाराष्ट्रात पासिंग झालेल्या गाडीकडे असतो. सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. सहा वर्षांच्या पुढे टायर, बॅटरी, सस्पेन्शन, क्लच हे सगळं एकाच वर्षी दार ठोठावतं. भारतात गाड्या बनवणं थांबवलेल्या कंपनीची गाडी, उदाहरणार्थ फोर्डची इकोस्पोर्ट, मोहात पाडते. २०१३ पासून रस्त्यावर असलेली ही गाडी चालवायला आजही अनेक नव्या गाड्यांपेक्षा चांगली आहे, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केल्यावर भाव पडले. आपल्या गावात तिचं काम करणारा खात्रीचा गॅरेजवाला असेल आणि सुट्या भागांसाठी थांबायची तयारी असेल तरच घ्या. ब्रेझाचं २०१६ ते २०२० मधलं १.३ लिटर डिझेल ग्रामीण भागात इतकं लाडकं आहे की त्याला अजूनही चढा भाव येतो. त्या भावात चांगली पेट्रोल गाडी मिळत असेल तर आपली वर्षाची धाव पुन्हा एकदा मोजा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनची खरखर कुणीतरी तुमच्यापासून लपवली आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. बोनेट आणि मडगार्डचे बोल्ट बघा, त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर तो भाग उघडला गेला आहे. दारांचं रबरी बीडिंग थोडं ओढून आतल्या वेल्डिंगचे ठिपके पाहा. कंपनीचे ठिपके एका अंतराने आणि गोल असतात. गॅरेजमधले तसे नसतात. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली, हे विचारा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर ती अधिक वाईट खूण, कारण एअरबॅग फुटून गेल्यावर दिव्याची वायर काढून ठेवण्याची युक्ती जुनी आहे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं आपल्या राज्यात वेगळं शिकावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड, सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर, जुलै २०२४ मध्ये पुण्यातली सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी, अशा प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांनी धुऊन-पुसून चकाकणाऱ्या गाड्या दुसऱ्याच जिल्ह्यात विकायला येतात. पुढचे-मागचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. आसनांखालचे रूळ, डॅशबोर्डखालचे कंस आणि डिकीत स्टेपनीखालचा खड्डा बॅटरीच्या उजेडात बघा. वरच्या रंगाला झळाळी आणि खालच्या स्क्रूंना गंज, ही जोडी दिसली की उठा. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल आणि मालकाने आधीच गाडीत जोरदार सुगंधी डबी लावलेली असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच कारणाने आहेत.

मीटर मागे फिरवलंय का, हे मीटरकडे बघून कळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या संमतीने ती यादी मिळवा. २०२२ मध्ये ४८ हजार आणि आज ४५ हजार असं निघालं तर पुढे बोलायची गरज नाही. नोंदी नसतील तर क्लचच्या पायटीचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि चालकाच्या गादीची बाहेरची कड बघा. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर नवे असतील तर विचार करा. आणि पाच-सहा वर्षांपूर्वीचे टायर जाडजूड दिसले तरी समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ते घेऊन जाऊ नका. चार टायरांचे पंचवीस-तीस हजार भावातून कापून घ्या.

एक खूण फार थोडे लोक बघतात, ती विम्याच्या कागदात आहे. दावा न करता वर्षं गेली की नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. पाच वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २० दिसत असेल तर अलीकडे बहुधा दावा झालेला आहे. "एक ओरखडा नाही" असं म्हणणाऱ्या मालकाला तो कशाचा होता, हे शांतपणे विचारा. हा बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचा हप्ता वाढून येईल हे हिशोबात धरा.

फेरी मारताना रेडिओ बंद, काचा खाली. गतिरोधकावरून सावकाश जा, पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा बुश गेलेले आहेत, हा खर्च किरकोळ आहे. चढावर दुसऱ्या गिअरवर पाय द्या. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. ओळखीचा मेकॅनिक आणि त्याच्याकडचा स्कॅनर सोबत असेल तर उत्तम, त्याला दीड-दोन हजार रुपये आनंदाने द्या.

भाव ठरला की विसार देण्याआधी कागद. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलान थकलेलं असेल तर ते विक्रेत्याने भरायचं, कारण त्यावाचून नाव बदलत नाही. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत, इथला वाहन कर आणि नवा नंबर हे सगळं वर येतं. दिल्लीकडची, दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणणाऱ्या नियमाच्या भीतीने स्वस्त झालेली गाडी इथे आणली की तो स्वस्तपणा बराचसा यातच संपतो.

पैसे आरसी बुकावर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यावर पाठवा. रोख दोन लाख किंवा जास्त घेणं आयकर कायद्याने वर्ज्य आहे. एखाद्या डीलरकडून घेत असाल तर तो नोंदणीकृत आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि त्याच्या ताब्यात असताना गाडीची जबाबदारी त्याची असते. नाव बदलण्याची घाई तुमच्याइतकीच विक्रेत्यालाही हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाही तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

दोन्ही चाव्या मागून घ्या. एक हरवली म्हणणाऱ्याकडून नवी करून घ्या किंवा तिची किंमत कापा, कारण बटणाच्या चावीला हजारो रुपये पडतात. आणि खरेदीच्या रकमेतले तीस-चाळीस हजार बाजूला राहू द्या. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला, बॅटरी तपासून घ्या. जुन्या मालकाने शेवटची सर्व्हिस केली असं सांगितलं तरी बदला, विकायला काढलेल्या गाडीत कुणी चांगलं ऑइल घालत नाही.